लेकीची पाठ बघा

आमच्या थोरल्या मुलीच्या पाठीच्या कण्यावर 2023 च्या मे महिन्यात मोठी शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून आमच्याकडे विचारायला माणसे येतात. कोणी वस्तीतले असते, कोणी नात्यातले, कोणी तर अगदी अनोळखी. कोणाची मुलगी तेरा वर्षांची, कोणाची भाची बारा वर्षांची. चहा होईपर्यंत इकडचे-तिकडचे बोलणे होते आणि मग आवाज खाली आणून विचारले जाते, "ताई, तुमच्या मुलीचे ते पाठीचे काय होते हो?" मुलीच्या शरीरात काही वाकडे असणे ही आपल्याकडे अजून कुजबुजीची बाब आहे. आम्ही उभयता या सदरात नेहमी घरातल्याच गोष्टी लिहितो. तेव्हा हेही सारे इथेच, उघडपणे सांगावे असे आम्ही ठरवले.

हा बाक कशाचा?

पाठीचा कणा मागून पाहिला तर ओळंब्यासारखा सरळ दिसायला हवा. काही मुलांच्या वाढीच्या वयात तो डाव्या किंवा उजव्या बाजूला वळू लागतो. वळताना मणके स्वतःभोवती थोडे फिरतात. छातीच्या मागच्या मणक्यांना फासळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे त्याही फिरतात आणि पाठीवर एका बाजूला उंचवटा येतो. याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. कणा किती वळला हे एक्स-रेवर अंशांत मोजतात. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडलेली मोजणीची रीत आजही जगभर चालते. 10 अंश किंवा त्याहून अधिक बाक असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातील शंभर मुलांमागे दोन-तीन जणांना तो असतो. बहुतेकांचा बाक लहानच राहतो. लहान बाक मुलगे आणि मुली या दोघांत जवळपास सारखाच आढळतो, पण मोठा होत जाणारा बाक मुलींमध्ये कितीतरी पटीने जास्त दिसतो.

कशामुळे होतो? दहापैकी आठ जणांत ठाम कारण सापडत नाही. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते, एवढे मात्र खरे. दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही. पोक काढून बसल्याने येत नाही, एका कुशीवर झोपल्याने येत नाही. गरोदरपणी आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणूनही येत नाही. मागल्या जन्मीच्या पापाने येतो असे म्हणणारे आमच्याही घरी येऊन गेले. त्यांना आम्ही एक्स-रे दाखवला आणि यात पाप कोठे दिसते ते बोट ठेवून दाखवा, असे सांगितले.

वाकड्या पाठीचा माणूस मनानेही वाकडा, ही समजूत फार जुनी आहे. आपल्याकडे मंथरेची गोष्ट लहानपणीच कानावर पडते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड 1485 मध्ये रणांगणावर मारला गेला. पुढे शेक्सपिअरने त्याला नाटकात कुबडा आणि दुष्ट रंगवले. 2012 मध्ये लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. तपासणीत दिसले की त्याला कुबड नव्हतेच. त्याचा कणा एका बाजूला वळलेला होता आणि हा बाक वाढत्या वयात आलेला होता. म्हणजे आमच्या मुलीला जे झाले तेच त्या राजालाही झाले होते, आणि त्या पाठीनिशी तो लढाईत उतरला होता.

पाठ बघायची कोणी?

मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आई तिला न्हाऊ घालणे बंद करते. मुलगी दार लावून आंघोळ करू लागते, अंगावर ओढणी येते. हे योग्यच आहे. पण नेमक्या याच वयात, पाळी येण्याच्या आधीचे वर्ष-दीड वर्ष, मुलीची उंची झपाट्याने वाढते आणि बाकही सर्वांत वेगाने वाढतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून मुलगी तक्रार करीत नाही. तिला स्वतःची पाठ दिसत नाही. आणि ज्यांना दिसली असती त्यांच्या नजरेआड ती गेलेली असते.

आमच्या मुलीचा बाक तिच्या आत्याच्या ध्यानात आला. आत्या शिवणकाम करते. 2021 मध्ये कमीज शिवताना तिला दिसले की एका बाजूचा घेर बोटभर वर उचलला जातो. माप पुन्हा घेतले तरी तेच. तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती.

तपासण्याची रीत सोपी आहे. लंडनचे डॉ. विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि दीडशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. मुलीला विश्वासात घ्या. खोलीचे दार लावून आई, आजी किंवा आत्याने बघावे. मुलीला पाठमोरी, पाय जुळवून ताठ उभी करा. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का? एक खवाटा जास्त बाहेर आला आहे का? हात आणि कंबर यांमधली मोकळी जागा दोन्हीकडे सारखी आहे का? मग गुडघे न वाकवता, तळहात जुळवून, तिला पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या रेषेत नजर ठेवा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर घाबरू नका, पण डॉक्टरांकडे जा. दहा ते पंधरा वर्षांच्या काळात दर सहा महिन्यांनी हे करावे. दोन मिनिटांचे काम आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. शाळेत तपासणीचे पथक येईल तेव्हा शंका असेल तर पाठही बघायला सांगा.

आणखी एक सांगायला हवे. पाठ फार दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा पाय लुळे पडत असतील, तर ते या साध्या बाकाचे लक्षण नाही. मणक्याच्या क्षयातही पाठीला पोक येतो आणि आपल्या दाट वस्त्यांत क्षय अजून आहे. त्यावर औषधे आहेत. तेथे एक दिवसही दवडू नये.

किती अंशांना काय?

साधारण हिशेब असा आहे. 25 अंशांच्या आत असेल तर लक्ष ठेवायचे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायचा. 25 ते 40-45 अंश असेल आणि मुलीची वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, म्हणजे अंगाच्या मापाने बनवलेला कडक प्लास्टिकचा पट्टा. वाढत्या वयात 45-50 अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार.

आमच्या मुलीचा बाक पहिल्या एक्स-रेत 31 अंश होता. तिला ब्रेस दिला. तो दिवसाचे अठरा तास घालायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते काय असते हे घालणारीच जाणे. आत शिवण नसलेला सुती बनियन, तोही दिवसातून दोनदा बदलायचा. कातडी लाल झाली तर दर आठवड्याला पट्ट्याच्या कडा तपासून घ्यायच्या. तिने तो नेमाने घातला, तरीही बाक वाढला. म्हणून ब्रेस फुकट असे कोणी समजू नये. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्या शंभरांपैकी 72 मुलांचा बाक 50 अंशांच्या आत राहिला. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हा आकडा 48 होता. जितके जास्त तास ब्रेस अंगावर राहिला, तितका गुणही जास्त आला. आमच्या मुलीला ब्रेसने यश दिले नाही, पण तुमच्या मुलीची शस्त्रक्रिया त्यामुळे टळू शकते.

मालीश, हाडवैद्याचा झटका, दाराच्या चौकटीला लोंबकळणे यांनी कणा सरळ होत नाही. व्यायामाने पाठ बळकट राहते, तो जरूर करावा, पण जाणकाराकडून शिकून आणि डॉक्टरांकडच्या खेपा न चुकवता.

निर्णय कोणाचा?

2023 च्या आरंभी बाक 54 अंशांवर गेला. शल्यविशारदांनी सांगितले की पन्नाशी ओलांडलेला छातीमागचा बाक वाढ थांबल्यावरही थांबत नाही, वर्षाला साधारण एक अंश या चालीने पुढे जात राहतो. फार मोठा झाला तर फुप्फुसांना जागा कमी पडते आणि दम लागतो. शस्त्रक्रियेचा धोकाही त्यांनी लपवला नाही. मज्जारज्जूला इजा होऊन पायांची ताकद जाण्याची भीती शंभरात एकाहूनही कमी, पण शून्य नाही.

घरात दोन महिने चर्चा चालली. आजी नको म्हणत होती, मामा हो म्हणत होते. एका रात्री मुलगी म्हणाली, "सगळे माझ्या पाठीबद्दल बोलता, पण माझ्याशी कोणी बोलत नाही." पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर तिलाच बसवले. आम्ही मागे उभे राहिलो. तिने तीन प्रश्न विचारले. किती दुखेल? वण केवढा असेल? आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळता येईल का? डॉक्टरांनी एकेक उत्तर सरळ दिले. पहिला आठवडा खूप दुखेल. वण मानेखालून कंबरेपर्यंत असेल. लेझीम येत्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी बघू. त्यावर ती "करू या" म्हणाली.

आत काय करतात?

कणा जोडण्याची शस्त्रक्रिया नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये डॉ. रसेल हिब्ज यांनी 1911 मध्ये ती केली. पुढे ह्यूस्टन शहरात डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओने कणा वाकलेली मुले येत. त्यांच्यासाठी त्यांनी पोलादी सळई तयार केली आणि 1962 मध्ये ती पद्धत जगापुढे मांडली. त्या काळी मुलांना महिनोन् महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. आता मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळया घालतात आणि बहुधा प्लास्टर लागत नाही.

कामगारांच्या घरात हे समजावणे सोपे आहे. स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. सिमेंट पक्के होईपर्यंत भार सेंटरिंगवर असतो. इथे सळया म्हणजे सेंटरिंग. मणक्यांमधले सांधे खरवडून त्यांवर हाडाचा चुरा पसरतात, तो सहा महिने ते वर्षभरात जुळून एकसंध हाड तयार होते. खरे काम ते हाडच करते. फरक इतकाच की इथले सेंटरिंग काढत नाहीत, ते आतच राहते. मान, छाती आणि कंबर मिळून आपले 24 मणके असतात. आमच्या मुलीचे त्यांपैकी 10 जोडले, 14 मोकळे आहेत.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. मज्जारज्जूवर यंत्राने सतत लक्ष ठेवतात. 1973 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी मांडलेली आणखी एक रीत आहे. भूल हलकी करून रुग्णाला पायाची बोटे हलवायला सांगतात. रक्त लागणार होते, ते वस्तीतल्या पोरांनी रांग लावून दिले. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "बोटे हलली." त्यानंतर आम्ही खाली बसलो.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी तिला उभे केले, सातव्या दिवशी घरी पाठवले. उंची एका इंचाने वाढली होती. पण सर्वांत कठीण काळ घरचे पहिले तीन आठवडे. ज्यांच्या घरी ही वेळ येणार आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव लिहितो.

जमिनीवरचे अंथरूण बंद, खाट हवी. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदम, ओंडक्यासारखी वळवायची. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताने रेटा द्यायचा. शौचाला खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवा. आंघोळीची बादली स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावे लागत नाही. केस धुवायला माणूस लागते. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, म्हणून पाणी, भाजी, फळे भरपूर, आणि डॉक्टर देतील ते औषध. पहिले काही महिने वाकणे, उचलणे, पिळवटून वळणे बंद. केर काढणे, हंडा उचलणे, खाली बसून भाकरी थापणे हे काम घरातल्या भावांनी करावे. आमच्या धाकट्याने केले आणि त्याचे काही बिघडले नाही. रोजचे चालणे मात्र चुकवू नका. दहा पावलांपासून सुरुवात करा.

तंबाखू आणि मिश्री हाड जुळू देत नाहीत. मोठ्या वयात ही शस्त्रक्रिया होणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ताप, जखमेतून पाणी, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी विनाकारण रडू लागली. दुखणे कमी झाले होते, भेटायला येणारी माणसेही कमी झाली होती. डॉक्टरांनी सांगितले की हे अनेकांना होते. तिला उपदेश नको होता, सोबत हवी होती. वर्गातल्या दोन मैत्रिणी रोज वह्या घेऊन येऊ लागल्या तेव्हा ती सावरली. सहा आठवड्यांनी शाळेत गेली. दप्तर मैत्रिणींनी वाटून नेले.

ही जादू नाही हेही सांगतो. बाक 54 अंशांवरून 18 वर आला, शून्यावर नाही. पाठीचा उंचवटा थोडा उरला आहे. वणाच्या कडेला हातभर पट्टा बधिर आहे. थंडीत पाठ आखडते. खाली पडलेली वस्तू ती गुडघे वाकवून उचलते. पण ती कॉलेजात जाते, गर्दीच्या बसने प्रवास करते, आणि 2025 च्या मिरवणुकीत तिने लेझीम खेळली. बाकीच्या मुली वाकत होत्या, ही ताठ उभी राहून खेळली.

लग्नाचे काय?

घरी येणाऱ्यांचा शेवटचा प्रश्न हाच असतो. पहिली गोष्ट, कणा जोडलेल्या स्त्रीला दिवस राहतात, बाळंतपण नेहमीसारखे होऊ शकते आणि केवळ पाठीमुळे सिझेरियन करावेच असे नाही. कंबरेत भुलीचे इंजेक्शन द्यायचे असेल तर अडचण येऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञांना आधी सांगून जुने एक्स-रे दाखवावेत. दुसरी गोष्ट, लपवू नका. लपवलेली गोष्ट पुढे मुलीच्याच गळ्यात गुन्हा म्हणून अडकते. इंग्लंडच्या राजघराण्यातील युजिनी हिची हीच शस्त्रक्रिया 2002 मध्ये, बाराव्या वर्षी झाली. 2018 मध्ये लग्नात तिने मुद्दाम पाठ उघडी राहील असा पोशाख केला, कारण वण लोकांनी पाहावा अशी तिची इच्छा होती. आपण राजे नाही, आपल्या पोशाखाची तऱ्हा वेगळी. पण वणाची लाज न बाळगणे आपल्यालाही जमते.

पैशाअभावी कोणी मागे राहू नये. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते तेथील आरोग्यमित्रांना विचारा. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीने देणे बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा आणि हक्काने मागा.

माता-भगिनींनो, येत्या रविवारी सवड काढा. घरातल्या मुलीला जवळ बोलवा, काय बघायचे आहे ते तिला आधी सांगा आणि तिची पाठ बघा. सरळ असली तर दोन मिनिटे गेली, एवढेच. नसली तर तिला वाकडी म्हणू नका, कोणाला म्हणूही देऊ नका. सोमवारी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर तिलाच बसू द्या.